धुऊन चाळा: वेट मिक्सच्या ग्रेडेशनच्या नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

वेट मिक्सचं, म्हणजे रस्त्याच्या डांबराखालच्या ओलवून मिसळलेल्या खडीच्या थराचं, काम सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. क्रशरवरून चार प्रकारचा माल येऊन पडलाय: ४० मिमी खडी, २० मिमी, १० मिमी आणि डस्ट, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. प्लांटच्या लॅबने मिक्स डिझाइनचा कागद पाठवला. याच क्रमाने प्रमाण ३०, २२, १६ आणि ३२ टक्के.

ग्रेडेशनची, म्हणजे कुठल्या आकाराचे कण किती टक्के असावेत याची, आमच्या कामाची चौकट अशी. ५३ मिमीच्या चाळणीतून १०० टक्के पास, ४५ मधून ९५ ते १००, २२.४ मधून ६० ते ८०, ११.२ मधून ४० ते ६०, ४.७५ मधून २५ ते ४०, २.३६ मधून १५ ते ३०, ६०० मायक्रॉनमधून (०.६ मिमी) ८ ते २२ आणि ७५ मायक्रॉनमधून जास्तीत जास्त ५. कागदावर सगळं आत बसतंय, ७५ मायक्रॉनचा आकडा तर अवघा २.६.

दुपारी ढिगांवर चक्कर मारली. डस्टमध्ये मूठ घातली, झटकली, तरी तळव्यावर पिठासारखा थर राहिला. पाण्याने चोळून धुतल्यावर गेला. २.६ काही पटेना. पण तळव्याचा अंदाज रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही, म्हणून चारही माल आपल्या लॅबमध्ये पहिल्यापासून करायचे ठरवलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नव्या मुलाला ४० मिमीचं सॅम्पल आणायला पाठवलं. दहा मिनिटांत अर्धी बादली घेऊन हजर. ढिगाच्या पायथ्याशी जाऊन फावड्याने भरली होती, वजन दोन किलो. रागावलो नाही, कारण मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. त्याला ढिगाजवळ घेऊन गेलो आणि वरून एक फावडं माल सोडायला लावला. मोठे दगड गडगडत खाली आले, बारीक वरच अडकलं. म्हणजे पायथ्याचं सॅम्पल ढिगापेक्षा जाड निघणार आणि शेंड्याचं बारीक.

दोन किलोचं काय चुकलं ते हिशेबाने दाखवलं. ४० मिमीचा गोलसर दगड घ्या, घनता २.७ धरा. एका दगडाचं वजन साधारण ९० ग्रॅम भरतं. दोन किलोच्या सॅम्पलमध्ये एक दगड इकडचा तिकडे झाला, की टक्केवारी साडेचारने हलली. पंधरा किलोत तोच दगड अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. आयएस २३८६ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात ४० मिमीसाठी १५ किलो, २० मिमीसाठी २ किलो आणि १० मिमीसाठी अर्धा किलो सांगितलंय, त्यामागे हेच गणित आहे. अमेरिकेचं एएसटीएम सी १३६ आणखी कडक आहे, १९ मिमीलाच ५ किलो मागतं. आम्ही जास्तच घेतो. चाळायला वेळ लागतो, पण पुन्हा ढिगावर जाण्यापेक्षा बरा.

मग लोडरवाल्याला सांगून ढिगाच्या पोटातून दोन बकेट माल काढला, सपाट जागेवर पसरवला, बकेटच्या पाठीने ओढून एकसारखा केला आणि त्या पट्ट्यावर आठ ठिकाणांहून फावडी घेतली. चारही मालांचं असंच. संध्याकाळपर्यंत अंगावर धूळ आणि कोपऱ्यात गोण्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज नुसतं क्वार्टरिंग आणि सुकवणं. जाड खडीचा शंकू करून, दाबून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकले. डस्ट रिफल बॉक्समधून, म्हणजे माल फटींतून दोन सारख्या भागांत वाटणाऱ्या डब्यातून, काढायची होती, पण ती ओलसर होती. ओली डस्ट रिफल बॉक्सच्या फटींना चिकटते, म्हणून तिचंही क्वार्टरिंगच. उलट डस्ट कोरडी ठणठणीत असली की फावड्याने हलवताना बारीक भाग उडून जातो, तेव्हा बॉक्सच बरा. लॅबमधल्या मामांना हे मी शिकवलेलं नाही, त्यांनीच मला शिकवलंय.

ट्रे ओव्हनमध्ये, १०५ अंशांवर, रात्रभर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी मुलाने ट्रे ओव्हनमधून काढून थेट तराजूवर ठेवला. थांबवलं. गरम ट्रेभोवतीची हवा वर चढते आणि तराजू कमी वजन दाखवतो. तेच वजन थंड झाल्यावर घेतलं, ४ ग्रॅमचा फरक आला. चार ग्रॅम खडीत काही नाहीत, डस्टच्या ५०० ग्रॅममध्ये मात्र जवळजवळ एक टक्का आहेत.

४० आणि २० मिमी मोठ्या ४५० मिमी व्यासाच्या चाळण्यांवर हाताने केल्या. शेकर यंत्रावर टाकून चहूकडे फिरवण्यापेक्षा जाड खडी हातानेच बरी: डावीकडे, उजवीकडे, गोल, मध्येच झटका. छिद्रात अडकलेला दगड खालून ठोकून काढायचा, तो वरच्यातच मोजायचा. अंगठ्याने दाबून खाली पाडायचा नाही. २० मिमीपेक्षा मोठ्या छिद्रांवर दगड हातात घेऊन, फिरवून, बसतो का ते बघायची मुभा आहे. बसला तर पास, जोर लावावा लागला तर नापास.

हे करताना मुलाने चांगला प्रश्न विचारला. एक चपटा, लांब दगड २२.४ च्या चाळणीतून सटकन गेला. त्याची लांबी व्हर्नियरने ४१ मिमी भरली. "सर, हा २२ चा कसा?" चाळणीला लांबी कळतच नाही. दगड उभा झाला की लांबीचा प्रश्न मिटतो, उरतात रुंदी आणि जाडी. आणि चौकोनी छिद्राला कर्णही असतो. २२.४ चा कर्ण ३१.७ होतो, म्हणून पुरेशी पातळ चकती २२.४ पेक्षा रुंद असली तरी तिरकी होऊन निसटते. म्हणजे ग्रेडेशनच्या कागदावर चपटी खडी आणि घनाकार खडी अगदी सारखी दिसू शकते. चपटेपणाची चाचणी वेगळी का असते, हे त्याला त्या एका दगडाने सांगितलं.

निकाल, पासिंग टक्क्यांत. ४० मिमी: ४५ वर ९२, २२.४ वर ६, ११.२ वर १. २० मिमी: २२.४ वर ८८, ११.२ वर १२, ४.७५ वर २. १० मिमी: ११.२ वर ९०, ४.७५ वर १४, २.३६ वर ४. प्लांटच्या कागदाशी इथवर सगळं जुळतं, एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक. त्यांची माणसं चाळायला कच्ची नाहीत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डस्टचा दिवस. दोन जुळी सॅम्पल केली होती. पहिलं कोरडंच चाळलं, प्लांटची लॅब करते तसं. ७५ मायक्रॉन पास: ८.०. त्यांच्याही कागदावर ८ च आहे.

दुसरं धुतलं. सुकं वजन ५१२.४ ग्रॅम. घमेल्यात पाणी घालून हाताने ढवळलं आणि वरचं पाणी चाळण्यांवर ओतलं. वर १.१८ ची, खाली ७५ मायक्रॉनची. वरची चाळणी फक्त खालच्या जाळीला सांभाळायला. ७५ ची जाळी केसाच्या जाडीच्या छिद्रांची असते, तिच्यावर खडे आदळले की ती फाटते किंवा सैल पडते. जाळी आधी ओली करून घ्यायची, नाहीतर पाणी तिच्यावर तळ्यासारखं साचून राहतं आणि काठावरून सांडतं. सांडलं की सॅम्पल गेलं.

पहिलं पाणी तपकिरी. दुसरं तपकिरी. पाचव्याला मी म्हटलं झालं असेल, मामा म्हणाले, "साहेब, अजून गढूळच आहे, तळ दिसत नाही." त्यांची कसोटी सोपी आहे: घमेल्याच्या तळाला पडलेला ओरखडा पाण्यातून स्पष्ट दिसला पाहिजे. नवव्या पाण्याला दिसला.

दोन्ही चाळण्यांवर राहिलेलं पुन्हा घमेल्यात धुऊन घेतलं, सुकवलं, थंड केलं, तोललं. ४४१.० ग्रॅम. म्हणजे ७१.४ ग्रॅम पाण्याबरोबर गेले. मग हेच कोरडं चाळलं, चाळण्यांखालच्या पॅनमध्ये आणखी ५.५ ग्रॅम आले. एकूण ७६.९ ग्रॅम, १५.० टक्के.

कोरडं ८, धुतलेलं १५. माझा तळवा खोटं बोलत नव्हता.

कारण गूढ नाही. बारीक धूळ सुटी असते तेवढीच कोरड्या चाळणीतून पडते. बाकीची मोठ्या कणांना चिकटलेली असते किंवा स्वतःच्याच गुठळ्या करून बसते. मातीचा अंश असेल तर ओव्हनमध्ये ती आणखी घट्ट बसते. शेकर तासभर चालवला तरी ती सुटत नाही, पाण्याने मात्र सुटते. म्हणून जिथे बारीक भागावर मर्यादा आहे तिथे धुऊनच चाळतात. युरोपच्या ईएन ९३३-१ मध्ये तर धुऊन चाळणं हीच मुख्य पद्धत आहे, फक्त त्यांची शेवटची चाळणी ७५ ऐवजी ६३ मायक्रॉनची.

शनिवार, ८ फेब्रुवारी

डस्टच्या बाकीच्या चाळण्या मुलाने केल्या. ६०० मायक्रॉनवर त्याचं पासिंग ३६ आलं, काल माझं ४२. त्याने एक किलो माल एकदम ओतला होता आणि २.३६ नंतर थेट ६०० लावली होती. ६०० च्या २०० मिमी व्यासाच्या चाळणीवर साडेतीनशे ग्रॅमच्या वर थर साचला. वरचे कण जाळीपर्यंत पोचलेच नाहीत. ४.७५ पेक्षा बारीक चाळणीवर एएसटीएम चौरस मीटरला ७ किलोपर्यंतच राहू देतं, म्हणजे या आकाराच्या चाळणीवर सुमारे २०० ग्रॅम. अर्धा किलोच घेतला, मध्ये १.१८ ची चाळणी टाकली, पुन्हा ४२.

शेवटी एक मिनिट हाताने चाळून बघायला लावलं. त्या मिनिटात चाळणीवरच्या मालातलं एक टक्कासुद्धा खाली पडत नसेल, तर चाळणं पुरं झालं. शेकरच्या टायमरवर विसंबायचं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आता मिक्सचा हिशेब. डस्ट ३२ टक्के, तिच्यात बारीक १५ टक्के, म्हणजे नुसत्या डस्टमधूनच ४.८. जाड खडीही धुऊन बघितली होती. १० मिमीवर १.२ टक्के धूळ चिकटलेली निघाली, २० मिमीवर ०.६, ४० मिमीवर ०.४. मिक्समध्ये त्यांचा वाटा अनुक्रमे ०.१९, ०.१३ आणि ०.१२. बेरीज ५.२. मर्यादा ५.

कागदावर २.६ दिसणारं मिक्स प्रत्यक्षात मर्यादेबाहेर आहे. बाकी सगळ्या चाळण्यांवर ते छान मधोमध आहे, म्हणून कुणाला शंका आली नाही.

पाच टक्क्यांचा एवढा बाऊ कशाला, असं विचारणारे भेटतात. थोडी धूळ हवीच, नाहीतर थर रोलरखाली सुटासुटा राहतो, खडी सरकते. पण दगडांमधल्या पोकळ्या भरून झाल्यावर उरलेली धूळ दगडांच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर लोटते. मग भार दगडाकडून दगडाकडे न जाता चिखलातून जातो. पाणी निचरत नाही, पावसाळ्यात थर मऊ पडतो आणि चाकाच्या दाबाने गढूळ पाणी वर येतं.

प्रमाण बदलून बघितलं. डस्ट ३२ वरून २७, १० मिमी १६ वरून २१, बाकी तेच. ४५ वर ९७.६, २२.४ वर ६९.२, ११.२ वर ४८.८, ४.७५ वर २९.३, २.३६ वर २१.०, ६०० वर १२.०, ७५ वर ४.६. आत आलं, पण काठावर.

गंमत म्हणून फुलरच्या वक्राशी ताडून बघितलं. फुलर आणि थॉम्पसन यांनी १९०७ मध्ये काँक्रीटसाठी मांडलेलं सूत्र: कणाचा आकार भागिले सर्वांत मोठा आकार, त्याचं वर्गमूळ, गुणिले शंभर. सर्वांत मोठा ५३ धरला तर २२.४ वर ६५, ११.२ वर ४६, ४.७५ वर ३०, २.३६ वर २१, ६०० वर १०.६ आणि ७५ वर ३.८ यायला हवेत. आपलं मिक्स त्याच्या अगदी अंगाला अंग लावून चाललंय, फक्त शेवटी वर उचललंय. मुलाने दोन्ही वक्र एकाच कागदावर काढून भिंतीला लावले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्लांटच्या लॅबला फोन. "सर, आम्ही सगळ्या कामांवर असंच करतो, कधी कुणी हरकत घेतली नाही." वाद घातला नाही. गुरुवारी तुमच्या लॅबमध्ये, तुमच्या चाळण्यांवर एकत्र करू म्हटलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डस्ट सुकवून रिफल बॉक्समधून दोन भाग केले. त्यांचा भाग त्यांनी कोरडा चाळला, ८.१. आमचा धुतला, १४.८. "सॅम्पलच वेगळं असेल," असं कुणीतरी म्हणणार हे माहीत होतं, म्हणून त्यांचा चाळून झालेला सगळा माल, पॅनमधल्यासकट, परत एकत्र करून धुवायला घेतला. तेच कण, तीच चाळणी. १४.९.

त्यांच्या सिनियर इंजिनिअरने घमेल्यातलं पाणी बराच वेळ पाहिलं आणि धुण्याची पद्धत लिहून घेतली. माणूस सरळ आहे.

त्यांच्याकडची ७५ ची चाळणी मात्र उजेडासमोर धरून बघितली, तर कडेला सोल्डरजवळ जाळी सुटलेली. अर्ध्या सेंटिमीटरची फट. त्यांनी ती तिथेच बाद केली. आजचे तिन्ही आकडे त्याच चाळणीवरचे, म्हणून परत आल्यावर आमच्या चाळणीवर आणखी एक भाग धुतला: १४.७. फट लहान होती, आकडा फारसा हलवत नव्हती, पण हलवू शकली असती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

क्रशरवर गेलो. पंधरा टक्के येतात कुठून ते बघायचं होतं. जॉ क्रशरच्या आधी ग्रिझली आहे, खाणीच्या दगडाबरोबर आलेली माती आणि चुरा तिच्या सळ्यांमधून खाली पडावा आणि बाजूला टाकला जावा म्हणून. त्या मालाचं शूट, म्हणजे माल घसरून जायची वाट, कुणीतरी डस्टच्या बेल्टवर वळवून ठेवलेलं. माल वाया जाऊ नये म्हणून, असं उत्तर. म्हणजे आपण डस्ट म्हणून घेत होतो त्यात खाणीच्या माथ्यावरची माती होती.

शूट बाजूला वळवून घेतलं. जुना ढीग वेट मिक्सला वापरायचा नाही, असं लेखी दिलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नवी डस्ट, धुऊन: ४.७५ वर ९५, २.३६ वर ७२, ६०० वर ३९, ७५ वर ११.५. मिक्स ३०, २२, २१, २७ वर कायम ठेवलं. हिशेबाने ७५ मायक्रॉन ३.६. रोजच्या चढउताराला जागा राहिली. ४.७५ वर २९.०, ६०० वर ११.२.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चाचणीचा पट्टा टाकला. प्लांटचा बेल्ट थांबवून, दोन पत्रे आडवे लावून मधला सगळा माल घेतला, बेल्टवरची धूळ ब्रशने झाडून त्यातच. निकाल हिशेबाच्या एका टक्क्याच्या आत.

पेव्हरच्या, म्हणजे थर पसरणाऱ्या यंत्राच्या, मागे मात्र वेगळंच. मधल्या भागात ४.७५ वर ३१, कडेला २१. तोच डंपर, तोच माल. कडेला खडी उघडी दिसत होती, रोलर गेल्यावरही.

थोडा वेळ पेव्हरजवळ उभा राहिलो तेव्हा कळलं. प्रत्येक डंपर रिकामा झाला की ऑपरेटर हॉपरचे, म्हणजे पेव्हरच्या पुढच्या माल घेणाऱ्या टाकीचे, पंख मिटत होता. पंखांच्या कोपऱ्यात गडगडून साठलेली जाड खडी एकदम पेव्हरच्या आतल्या पट्ट्यावर येत होती आणि ऑगर, म्हणजे माल आडवा पसरवणारा स्क्रू, तिला कडेपर्यंत नेत होता. वर डंपरही प्लांटवर एकाच ढिगाने भरले जात होते, जाड खडी बाजूंना घरंगळलेली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डंपर तीन टप्प्यांत भरायचा: आधी पुढे, मग मागे, शेवटी मध्ये. हॉपर पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही, पंख दर खेपेला मिटायचे नाहीत. कडेला ४.७५ वर २७, मध्ये ३०. कालचा कडेचा पट्टा उकरून पुन्हा मिसळायला सांगितला. ठेकेदाराच्या सुपरवायझरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

प्लांटच्या लॅबचा कागद आला. वर एक नवा रकाना: धुतल्यानंतरचं वजन. ७५ मायक्रॉन त्यांचं ३.७, आमचं ३.९.

मामांनी त्यांना घमेल्याचा ओरखडा कसा पाडायचा ते फोनवर सांगितलं. खिळ्याने, एकच, मधोमध.